उपनगरांतल्या बँडचा इतिहास कॅसेटींमध्ये पडून आहे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतील रॉक संगीताच्या वाटचालीवर नुकताच प्रसिद्ध झालेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. मराठी वृत्तपत्राने या विषयाला पानभर जागा दिली याचे समाधान वाटले. लेखातील बहुतेक माहितीबद्दल माझे काही म्हणणे नाही. मात्र मराठी मध्यमवर्गीय घरांतील मुले या संगीताकडे वळली ती १९९१ नंतर, म्हणजे केबल टीव्ही आल्यावर, आणि त्यापूर्वी हा कुलाबा ते वांद्रे एवढ्या पट्ट्यातील इंग्रजी बोलणाऱ्या तरुणांचा छंद होता, असा जो निष्कर्ष लेखात सहज काढलेला आहे, तो मला मान्य नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, आमच्या घरी केबलची तार येण्याच्या बऱ्याच आधी, मी स्वतः डोंबिवलीत अशा एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवत होते. आमच्यासारखे बँड ठाणे, कल्याण, मुलुंड येथेही होते, कारण आमची त्यांच्याशी वाद्यांची आणि प्रसंगी वादकांचीही देवाणघेवाण चालत असे. त्यांची नोंद कोठेही नाही. ती का नाही, याचे माझ्या मते एकच कारण आहे आणि ते सांगण्यासाठी हे काहीसे लांबलेले पत्र लिहीत आहे.

लेखातील सुरुवातीचा भाग बिनचूक आहे. 'सिमला' या सिगारेटच्या जाहिरातीसाठी भरवल्या जाणाऱ्या सिमला बीट स्पर्धेत कलकत्ता, मद्रास, बंगळूर येथून बँड येत. १९७१ साली मळवलीला झालेला 'स्नेहयात्रा' हा महोत्सव, १९७२ साली कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क' या डिस्कोथेकमध्ये लेड झेपेलिन या ब्रिटिश बँडच्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट यांनी वाजवले तो प्रसंग, १९८४ साली स्थापन झालेला आणि पुढे १९९३ साली 'इंडस क्रीड' असे नाव घेतलेला 'रॉक मशीन' हा बँड, १९८६ पासून धोबीतलावच्या रंगभवनात गाजू लागलेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव, हे सारे ठरलेले टप्पे आहेत आणि ते कोणीही लिहिणारच. पण यांतील सिमला बीट स्पर्धेचे आज एवढे नाव का घेतले जाते, याचा विचार करून पाहावा. त्या स्पर्धेतील बँडच्या १९७० आणि १९७१ अशा दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या, म्हणून ते बँड आज ऐकता येतात आणि म्हणूनच त्यांच्याविषयी लिहिता येते. त्याच काळात महाविद्यालयांच्या गॅदरिंगमध्ये वाजवणारे जे असंख्य बँड होते, त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या नाहीत आणि ते गेले.

अमेरिकेतही याहून वेगळे घडले नव्हते. फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स तेथील दूरचित्रवाणीवर दिसले आणि गावोगावच्या शाळकरी मुलांनी घरच्या मोटारी अंगणात काढून रिकाम्या गॅरेजमध्ये बँड उभे केले. त्यांतील अनेकांची एखाददुसरी छोटी तबकडी त्यांच्याच परगण्यात खपली आणि मुले महाविद्यालयात किंवा व्हिएतनामच्या लढाईवर निघून गेली. या संगीताला, म्हणजे 'गॅरेज रॉक'ला, इतिहासात जागा मिळण्यास १९७२ साली लेनी के या संग्राहकाने केलेले 'नगेट्स' हे संकलन बऱ्याच अंशी कारणीभूत ठरले. के हे रॉक गायिका पॅटी स्मिथ यांचे गिटारवादक म्हणूनही ओळखले जातात. वाजवणारे होतेच, त्यांना गोळा करणारा कोणी तरी लागला. आमच्या उपनगरांना असा माणूस अद्याप लाभलेला नाही.

आमच्या डोंबिवलीत त्या काळी मोटारीच फारशा नव्हत्या, तेव्हा गॅरेज कोठून असणार? दोन खोल्यांच्या घरात चौघे-पाच जण राहत, भिंतीपलीकडे दहावीचा अभ्यास चालू असे आणि खालच्या मजल्यावर कोणी ना कोणी रात्रपाळी करून झोपलेले असे. आम्हाला जागा मिळाली ती एमआयडीसीत. आमच्या ड्रमरच्या वडिलांचा तेथे यंत्रांचे सुटे भाग करून देण्याचा लहानसा गाळा होता. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी तेव्हा विजेच्या वेळापत्रकाप्रमाणे ठरत असे आणि आमच्या भागात ती शुक्रवारी असे. त्या दिवशी मोठी यंत्रे बंद असत, दिव्यापंख्यांपुरती वीज मात्र मिळे, आणि आमच्या दोन ॲम्प्लिफायरांना तेवढी पुरत असे. कॉलेजातून परस्पर तिकडे जायचे, दोन लेथच्या मधल्या वाटेवर ड्रम मांडायचे, लोखंडाचा कीस झाडून एका कडेला सारायचा आणि अंधार पडेपर्यंत वाजवायचे, असा शिरस्ता होता. कूलंटच्या तेलाचा वास कपड्यांना इतका बसे की मी कोठून आले आहे हे आजीला न विचारता कळत असे.

त्या गाळ्याचे छप्पर पत्र्याचे होते आणि त्याचा एक सांधा सैल होता. बेस गिटारवर खालचा 'ए' वाजला की तो पत्रा थरथरू लागे, इतर कोणत्याही स्वराला तो ढिम्म राहत असे. आम्ही 'ए'मधील गाणी टाळून पाहिली, मग कंटाळून तो नाद सोडला. आमच्या जवळपास सर्व मुद्रणांत तो पत्रा ऐकू येतो. ट्यूबलाइटच्या चोकचा गुणगुणाट गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागात, शिरत असे, म्हणून वाजवताना ट्यूब बंद करून एकच पिवळा बल्ब लावावा लागे. याहून गंभीर प्रकार विजेच्या धक्क्याचा होता. गाळ्यातील अर्थिंग यथातथाच होते. गायकाच्या हातात गिटार असे, आणि गाता गाता ओठ मायक्रोफोनच्या जाळीला लागले की झटका बसत असे. त्यावर मायक्रोफोनला रुमाल गुंडाळणे आणि पायात रबरी सपाता घालणे, एवढाच उपाय आम्हाला माहीत होता. पुढे गणपतीच्या मंडपातील साऊंडवाल्यांनी लोखंडी सळई जमिनीत ठोकून, भोवती मिठाचे पाणी ओतून आम्हाला अर्थिंग करून दाखवले. विज्ञान शाखेत शिकणाऱ्या आम्हा मुलांना ते आधी सुचले नव्हते, आणि सळई ठोकता ठोकता त्यांनी ते बोलूनही दाखवले.

वाद्यांची कथा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. परदेशी गिटारची किंमत ऐकूनच आम्ही गप्प होत असू. धोबीतलावच्या 'फुर्टाडोज'च्या काचेपलीकडे टांगलेल्या गिटार पाहून येणे हा आमचा एक कार्यक्रमच असे. आमच्या मुख्य गिटारवाल्याकडे देशी बनावटीची गिटार होती आणि तिच्या तारा मानेपासून इतक्या उंच होत्या की तासाभराने बोटांच्या पेरांवर वळ उठत. मला माझ्या मामाने मस्कतहून आणलेला छोटा कॅसिओ मिळाला होता. ड्रम एका ऑर्केस्ट्रातील वादकाने आम्हाला स्वस्तात विकले, कारण त्यांनी नवा संच घेतला होता. त्यात मोठी झांज नव्हती. ती परवडण्यासारखी नसल्याने आम्ही भजनातील मोठ्या झांजेच्या जोडीतील एक झांज मधल्या भोकातून स्टँडला टांगली. ती चांगली वाजत असे आणि त्यात नवल नाही, कारण आपल्या काशाच्या झांजा आणि परदेशी सिम्बल हे दोन्ही तांबे आणि कथील यांच्या जवळपास सारख्याच मिश्रणातून घडवतात.

परंतु गॅरेज रॉक ज्याने ओळखले जाते तो गिटारचा करकरीत, फाटलेला आवाज आम्ही कसा मिळवला, हे येथे नोंदवणे मला अगत्याचे वाटते. अमेरिकेत त्यासाठी १९६२ पासून 'फझ' नावाचे यंत्र तयार मिळू लागले होते. डोंबिवलीत ते मिळत नव्हते. स्टेशनजवळ रेडिओ दुरुस्तीचे दुकान असलेल्या काकांकडे आमचा गिटारवाला एक कॅसेट घेऊन गेला आणि आम्हाला असा आवाज हवा आहे, असे त्याने सांगितले. काकांनी ती ऐकली आणि, "अरे, हा आवाज घालवण्याचेच तर लोक मला पैसे देतात," असे म्हणाले. तरी त्यांनी करून दिले. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओंतून काढून ठेवलेले एसी १२८ जातीचे दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर, थोडे रेझिस्टर व कपॅसिटर, नऊ व्होल्टची बॅटरी आणि टेबल लॅम्पचे दाबायचे बटण, एवढ्यावर ते सर्किट उभे राहिले. प्रथम ते प्लास्टिकच्या साबणदाणीत बसवले होते, तेव्हा ते घूं घूं करू लागले. मग काकांनी ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात हलवले, डबा अर्थला जोडला आणि घूं घूं थांबली.

जर्मेनियमचा एक दोष असा की उष्णता वाढली की त्यातून गळणारा विद्युतप्रवाह वाढतो आणि सर्किटचा तोल जातो. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली तो डबा तापला की गिटारचा आवाज घुसमटून तुटक येऊ लागे, आणि सूर्य कलला की पुन्हा मोकळा होई. त्यामुळे उन्हाळ्यात आमची सर्वांत आक्रमक गाणी संध्याकाळी सहानंतर वाजत. आज हाच आवाज मिळवण्यासाठी लोक जुने जर्मेनियम ट्रान्झिस्टर शोधून चढ्या भावाने विकत घेतात, असे माझा भाचा सांगतो. काकांच्या दुकानात ते गोळ्यांच्या बरणीत भरून ठेवलेले असत.

आम्हाला शिकवणारे कोण होते, हा प्रश्नही लेखाच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. मुंबईतील पाश्चात्त्य संगीताची परंपरा गोमंतकीय वादकांनी उभी केली, हे लेखकाने योग्यच म्हटले आहे. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे स्वरलेखन जाणणारे संगीतकार नसते तर हिंदी चित्रपटांचा वाद्यवृंद जसा घडला तसा घडला नसता. पण ती परंपरा उपनगरांत पोचली ती ऑर्केस्ट्रांतून. दिवसा कोठे तरी नोकरी करायची आणि रात्री लग्नसमारंभांत, उत्सवांत वाजवायचे, असे वादक प्रत्येक उपनगरात होते. आम्हाला ड्रम विकणारे वादक त्यांपैकीच एक. राहुलदेव बर्मन यांच्या गाण्यांतील गिटारचे तुकडे त्यांना तोंडपाठ होते, आणि आम्ही ज्याला रॉक म्हणून कवटाळून बसलो होतो त्यातील निम्मे ते त्या तुकड्यांवरून समजावून देत. इंग्रजी संज्ञा ते वापरतच नसत. मी हार्मोनिअमची 'प्रवेशिका पूर्ण' ही परीक्षा दिलेली असल्याने माझी त्यांच्याशी भाषा जुळे. 'ई' म्हणजे पांढरी तीन, 'ए' म्हणजे पांढरी सहा, असे मीच बाकीच्यांना सांगत असे.

यावरून आमच्यात एक भांडण कायमचे होऊन बसले होते. आमच्या गायकाचा आवाज काळी एकमध्ये, म्हणजे 'सी शार्प'मध्ये, खुलत असे. मराठी घरांत गाणे शिकलेल्या पुष्कळ मुलांचे असेच असते, कारण शिकवणाऱ्या गुरुजींची पेटी त्याच पट्टीत लागलेली असते. गिटारला मात्र पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन या पट्ट्या सोयीच्या असतात, कारण तेथे मोकळ्या तारा हाताशी येतात. काळी एकमध्ये वाजवायचे म्हणजे प्रत्येक कॉर्डला तर्जनी आडवी दाबून धरायची, आणि त्या उंच तारांवर ते म्हणजे शिक्षाच. गायक म्हणे, तुमच्या पट्टीत माझा गळा बसतो. गिटारवाला म्हणे, तुझ्या पट्टीत माझी बोटे तुटतात. अखेर एक पेन्सिल गिटारच्या मानेवरील पहिल्या पडद्यावर (फ्रेटवर) आडवी ठेवून ती सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळली आणि 'सी'चे कॉर्ड वाजवून काळी एक मिळवली. त्याला कॅपो म्हणतात आणि तो दुकानात मिळतो, हे आम्हाला पुढे कळले. बेसवाल्याने मात्र अशी मदत घेण्यास नकार दिला आणि तो कायम अर्धा स्वर मोजत राहिला.

लयीचा गुरू आम्हाला गाळ्यातच भेटला. तेथील लेथचे मिस्त्री सुट्टीच्या दिवशीही डोकावून जात. शनिवारी रात्री भजनी मंडळात ते पखवाज वाजवत. आमचा ड्रमर उत्साहाच्या भरात धावत सुटे, आणि गाणे संपेपर्यंत लय सुरुवातीच्या दीडपट होई. मिस्त्रींनी दोन-तीन वेळा ते ऐकून घेतले. मग हातात पाना घेऊन लेथच्या बेडवर भजनी ठेका धरला आणि, "आता वाजव, मला सोडून जाऊ नकोस," म्हणाले. आठ मात्रांचा तो ठेका आणि आमचा चाराचा हिशेब एकमेकांत चपखल बसत होता. ड्रमरला घाई झाली की पान्याचा आवाज त्याला मागे ओढत असे. त्यानंतर गाळ्यातील आमच्या वाजवण्यात तो पाना असेच आणि मुद्रणांतही तो आहे. मला विचाराल तर आमच्या बँडमधील सर्वांत चांगले वादक मिस्त्रीच होते.

गाणी शिकण्यासाठी आमच्याकडे कॅसेट होत्या आणि कान होते. कोणाच्या तरी चुलतभावाने कोणाकडून तरी उतरवून घेतलेली, तिसऱ्या-चौथ्या पिढीची कॅसेट आमच्या हाती येई. तिच्यातील उच्च स्वर विरलेले असत आणि टेपरेकॉर्डरगणिक वेग कमी-अधिक असल्याने पट्टीही सरकलेली असे. इंग्रजी शब्द तर कळतच नसत. आम्ही जसे ऐकू येतील तसे देवनागरीत लिहून घेत असू, आणि त्या वह्यांतील काही ओळींना जगातील कोणत्याही भाषेत अर्थ नाही. मी मुलगी असल्याचा एक फायदा असा की, मला आठच्या आत घरी पोचायचे असल्याने तालमीला वेळेवर सुरुवात होई. घरातील विरोधाच्या कहाण्या सांगण्याची अशा लेखनात पद्धत आहे. माझ्या घरी तसे काही झाले नाही. बाबांनी एकदा येऊन गाळ्याचे दार, खिडक्या आणि मिस्त्री पाहिले, आणि बारावीचे गुण घसरता कामा नयेत एवढेच बजावले. नाट्यसंगीतावर वाढलेल्या त्या माणसाला आमचे वाजवणे आवडले नाही आणि ते त्यांनी लपवलेही नाही.

आम्हाला व्यासपीठ दिले ते सार्वजनिक गणेशोत्सवाने. लेखातील क्लबांच्या आणि महोत्सवांच्या यादीत ही जागा नाही, आणि माझा मुख्य आक्षेप तेथेच आहे. दहा दिवसांत मंडळाला रोज संध्याकाळी काही तरी हवे असे: पाककृती स्पर्धा, वेशभूषा, भावगीत गायन, एखादी एकांकिका. स्थानिक मुलांना अर्धा तास देण्यास कार्यकर्त्यांची ना नसे. अट एवढीच की, दोन हिंदी चित्रपटगीते वाजवली तर एक तुमच्या मनातले वाजवा. आम्ही हा सौदा आनंदाने स्वीकारला. समोर सतरंजीवर लहान मुले, मागे खुर्च्यांवर ज्येष्ठ मंडळी, कडेला हात बांधून उभे असलेले आमचे वर्गमित्र, आणि विजेच्या खांबांवर बांधलेल्या कर्ण्यांतून बाहेर पडणारा तो बिस्किटाच्या डब्याचा फझ, असा तो थाट असे. कर्ण्यांना खालचे स्वर वाजवता येत नाहीत, म्हणून बेसवाला दिसे पण ऐकू येत नसे. मंडळाच्या अध्यक्षांनी एकदा कार्यक्रमानंतर त्याला बाजूला घेऊन, तू नुसताच उभा का होतास, असे आपुलकीने विचारले.

त्या मंचासाठी आम्ही स्वतःची मराठी गाणीही रचली. त्यांतील एक बदलापूर लोकलवर होते आणि त्याचे धृपद "गाडी आली, गाडी गेली, आम्ही फलाटावर" असे होते. काव्य म्हणून त्याची लायकी मी जाणते. परंतु रॉकला मराठी भाषा मानवत नाही, हे जे आजही ऐकू येते, ते निदान आमच्या अनुभवाला धरून नाही. आली, गेली, राहिली, अशी आपली क्रियापदे दीर्घ स्वरावर संपतात आणि तो स्वर छातीतून हवा तेवढा लांबवता येतो. ज्या संगीताला ओळीच्या शेवटी ओरडायचे आहे त्याला याहून सोयीचे काय हवे? लहान मुले ते धृपद दुसऱ्याच दिवशी रस्त्यात म्हणत होती, आणि इंग्रजी गाण्यांचे असे कधी झाले नाही.

दक्षिण मुंबईत आम्ही एकदाच वाजवले, एका महाविद्यालयाच्या महोत्सवातील स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत. ड्रम मालडब्यातून, मासळीच्या पाट्यांशेजारी बसवून तेव्हाच्या व्हीटीपर्यंत नेले. फेरीनंतर परीक्षकांनी आमच्या वादनाविषयी चकार शब्द काढला नाही, गायकाच्या इंग्रजी उच्चारांविषयी मात्र बरेच विवेचन केले. त्याचा राग मनात धरण्यात आता अर्थ नाही. पण दक्षिण मुंबईच्या आठवणींवरून लिहिलेल्या इतिहासात उपनगरे का दिसत नाहीत, याचे थोडे उत्तर त्या प्रसंगात आहे. आम्ही तेथे गेलो होतो, पण प्राथमिक फेरीत बाद झालेल्यांची यादी कोणी जपून ठेवत नाही. रंगभवनात आम्ही गेलो ते तिकीट काढून, प्रेक्षक म्हणून.

बँड संपला तो कोणत्याही भांडणाविना. एकाला पुण्याला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, दुसरा वडिलांच्या जागी नोकरीला लागला, गाळ्यात तिसरा लेथ आला आणि ड्रम मांडण्यापुरती जागा उरली नाही. घरी केबल आली तेव्हा आम्ही वाजवणे थांबवून काही महिने झाले होते.

आता मूळ मुद्दा. हे सर्व मी आठवणीवर विसंबून लिहीत नाही. आम्ही तालमी मुद्रित करत असू, गाळ्याच्या खिडकीत टेपरेकॉर्डर ठेवून, त्याच्याच अंगच्या मायक्रोफोनवर. त्या कॅसेट माझ्याकडे आहेत. त्यांत पत्रा आहे, पाना आहे, फझचा डबा आहे, मध्येच चहा आला म्हणून थांबलेली गाणी आहेत, आणि गणेशोत्सवातील एका कार्यक्रमाचे साऊंडवाल्यांनी करून दिलेले मुद्रणही आहे. माझी खात्री आहे की ठाण्यात, मुलुंडला, कल्याणला, नाशिक-पुण्याच्या वाड्यांत अशा कॅसेट माळ्यावरील खोक्यांत पडून आहेत आणि घर बदलताना त्या भंगारात जातात. सिमला बीट स्पर्धेच्या ध्वनिमुद्रिकांनी जे केले, लेनी के यांच्या संकलनाने जे केले, ते करण्याचे साहित्य आपल्याकडे आहे. फक्त चुंबकीय फीत अनंत काळ टिकत नाही, आणि आपल्या कोकणपट्टीच्या हवेत तर तिला लवकर बुरशी धरते.

म्हणून आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की, ज्या लेखाने हा विषय काढला त्याच्या पुढील भागासाठी वाचकांकडून अशा मुद्रणांची माहिती मागवावी. मुद्रणे नकोत, नुसती माहिती: कोणाकडे आहे, कोणत्या गावची आहे, साधारण कोणत्या वर्षीची आहे. त्यावरून पुढे एखाद्या महाविद्यालयाला, ग्रंथालयाला किंवा हौशी संग्राहकाला ती उतरवून घेता येतील. ज्यांच्याकडे अशा कॅसेट आहेत त्यांनाही अनुभवावरून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल तर उत्साहाच्या भरात ती लगेच टेपरेकॉर्डरमध्ये घालू नये. बुरशी यंत्राच्या हेडला लागते आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक चांगल्या कॅसेटलाही लागते. आतील फेल्टचा (नमद्याचा) लहान तुकडा, जो फीत हेडवर दाबून धरतो, तो कालांतराने गळून पडतो आणि आवाज अगदी बारीक येतो. तेव्हा मुद्रण पुसले गेले असे समजून कॅसेट टाकू नये, तो तुकडा दुसऱ्या निरुपयोगी कॅसेटमधून काढून बसवता येतो. आणि वेष्टनावर गाण्यांची नावे लिहिलेली नसली तरी, वाजवणाऱ्यांची नावे, गाव आणि वर्ष आजच लिहून ठेवावे, कारण ते सांगू शकणारी माणसेही आता साठीकडे झुकली आहेत.

माझ्याकडील कॅसेटींची यादी मी या पत्रासोबत वेगळ्या कागदावर जोडली आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या कॅसेटमध्ये दुसऱ्या बाजूला मुलुंडच्या एका बँडचे वादन आहे. त्यांचा ड्रमर आमच्यापेक्षा बराच सरस होता. त्यांपैकी कोणी हे पत्र वाचत असल्यास त्यांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयाकडे संपर्क साधावा, मी त्यांना प्रत करून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)